वाचून होत नाही, की नातं कळत नाही? कचेरीतल्या छोट्या ॲनिमेचे मराठी सबटायटल

प्रश्न असा आहे: तुम्ही तिघंजण मिळून 'गाइकोत्सु शोतेनइन होंडा-सान' या मालिकेचे मराठी सबटायटल सराव म्हणून करता आहात. इंग्रजी सबटायटल समोर ठेवून मराठी करता. पहिले दोन भाग घरच्यांना दाखवले, तेव्हा दोन तक्रारी आल्या. एक, "वाचून होईपर्यंत पुढचं येतं." दुसरी, "यात हसण्यासारखं काय आहे?" तुम्ही विचारताय की ओळी किती छोट्या कराव्यात आणि '-सान' (नावापुढे लागणारा जपानी आदराचा प्रत्यय) ठेवावं की काढावं.

ज्यांना मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑक्टोबर ते डिसेंबर 2018 मध्ये जपानी टीव्हीवर आलेल्या ॲनिमेचे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचे, साधारण 11 मिनिटांचे 12 भाग. निर्मिती डीएलई स्टुडिओची. मूळ चित्रकथा पुस्तकाच्या दुकानात काम केलेल्या व्यक्तीने स्वतःच्या अनुभवावर काढलेली. होंडा हा दुकानातला विक्रेता हाडांचा सापळा आहे. बाकीचे सहकारीही असेच, कुणी चिलखत घातलेलं, कुणी डोक्याला बँडेज गुंडाळलेलं, कुणाच्या डोक्यावर कागदी पिशवी, कुणाच्या तोंडावर गॅस मास्क. बाहेर सगळे अत्यंत अदबशीर, आणि होंडाच्या मनात मात्र सतत गोंधळ.

तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, असं मला वाटतं. ओळी लांब आहेत हे खरं, पण त्या लांब झाल्या कारण इंग्रजीतला मजकूर जसाच्या तसा उतरवला गेला. आणि हसू आलं नाही, कारण कचेरीतल्या विनोदात शब्दांना फारसा भाव नसतो. कोण कुणाशी कोणत्या पायरीवरून बोलतंय आणि ती पायरी नेमकी कुठे घसरते, यात तो विनोद असतो. जपानी भाषेत ही पायरी क्रियापदात दिसते. मराठीतही दिसते. इंग्रजीत दिसत नाही. म्हणजे पायऱ्या असलेल्या दोन भाषांच्या मधोमध तुम्ही एक सपाट मैदान आणून ठेवलं आहे. इंग्रजीतल्या 'यू'चं मराठीत काय करायचं, हे तुम्ही दरवेळी अंदाजाने ठरवता, आणि अंदाज चुकला की नातंच बदलतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तिघांपैकी कुणालाही जपानी येत नसेल तर इंग्रजी पूर्ण टाळता येणार नाही. तरी निदान वाक्याच्या शेवटचे आवाज ओळखायला शिका. 'देसु', 'मासु' ऐकू आलं की अदबीचं बोलणं. 'दा', 'दा यो', नुसतं क्रियापद आलं की घरगुती किंवा मनातलं. 'गोझाइमासु', 'इताशिमासु' आलं की गिऱ्हाइकापुढची, ठेवणीतली भाषा. एवढे तीन थर कानाने पकडता आले तरी निम्मं काम होतं, आणि त्याला चार-पाच संध्याकाळपेक्षा जास्त वेळ लागत नाही. दुसरी गोष्ट परवानगीची. भाषांतराचा हक्क 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ हक्कदाराकडे असतो. आपसात सराव करणं वेगळं आणि फाइल सगळ्यांसाठी चढवणं वेगळं. चढवायचं असेल तर आधी परवानगी काढा.

सगळ्यात आधी कोष्टक

भाषांतराला हात लावण्याआधी एक तक्ता करा. डावीकडे बोलणारा, वर ऐकणारा, आणि प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी: समोर काय म्हणतो (तू, तुम्ही, आपण), हाक काय मारतो (नाव, सर, साहेब, मॅडम, अगं, अहो), आणि पाठीमागे किंवा मनात कसा उल्लेख करतो. दहा पात्रं असली तर नव्वद चौकटी होतात, पण प्रत्यक्षात एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या वीस-पंचवीसच निघतात. एवढं एकदा ठरलं की तिघांनी वेगवेगळे भाग केले तरी तिसऱ्या भागातला 'तुम्ही' पाचव्या भागात 'तू' होत नाही.

तिसरी गोष्ट, म्हणजे पाठीमागचा उल्लेख, विसरू नका. 'साहेब आले' आणि 'आला का तो' यांत मराठी माणसाला एका क्षणात सगळं राजकारण कळतं. 'ॲग्रेत्सुको' या मालिकेत याचा फार उपयोग होतो. तिची सुरुवात 2016 मध्ये टीबीएस वाहिनीवर एकेका मिनिटाच्या तुकड्यांनी झाली आणि 2018 पर्यंत असे 100 तुकडे झाले. नंतर एप्रिल 2018 मध्ये नेटफ्लिक्सवर साधारण 15 मिनिटांचे 10 भाग आले. रेत्सुको ही हिशेब विभागातली पंचवीस वर्षांची रेड पांडा. तिचा वरिष्ठ तोन हा डुक्कर. समोर ती अगदी बारीक, गोड आवाजात बोलते आणि संध्याकाळी एकटी कॅराओकेच्या खोलीत जाऊन डेथ मेटल, म्हणजे किंचाळून म्हणायचं रॉक संगीत, गाते. तिथे समोर 'हो साहेब, लगेच करते' आणि गाण्यात 'तू', 'तुझा', 'तुला' एवढं केलंत तरी मराठीत धक्का बसतो. शिव्या शोधत बसावं लागत नाही.

'सर' की 'साहेब', हा निर्णय पात्राच्या वयाचा आणि वृत्तीचा आहे. कामाच्या वेळात गोल्फचा सराव करणारा, बायकांना चहा करायला सांगणारा तोन हा 'साहेब'च आहे. नव्या पद्धतीच्या कंपनीतला तरुण प्रमुख 'सर' होईल किंवा नुसत्या नावाने चालेल. 'विभागप्रमुख' हा शब्द दारावरच्या पाटीसाठी ठेवा, तोंडी कुणी तो वापरत नाही. जपानी पदनाम तसंच ठेवण्याचा मोह होतो, पण 'काचो' लिहिलंत तर मराठी वाचक त्यातला 'च' 'काच' या शब्दासारखा उच्चारतो आणि अर्थ तर काहीच पोहोचत नाही.

एक सापळा खास सांगण्यासारखा आहे. जपानी कचेरीत बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबाचा उल्लेख मुद्दाम उतरवून, '-सान' किंवा पद न लावता करतात, कारण तिथे आपली सगळी कंपनी मिळून नम्र व्हायची असते. मराठीत नेमकं उलट. गिऱ्हाइकाशी बोलतानाही आपण 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असंच म्हणतो. जपानी शब्द धरून 'तोन मीटिंगमध्ये आहे' केलंत, तर रेत्सुकोने साहेबाचा अपमान केला असं प्रेक्षकाला वाटेल, आणि पुढच्या दृश्यात त्याचे परिणाम का दिसत नाहीत म्हणून तो गोंधळेल. इथे अर्थ सांभाळा आणि 'आहेत' लिहा. बाहेरच्याला 'आमच्याकडे' आणि आतल्याला 'आपल्याकडे' हा मराठीतला भेद मात्र जपानी घरच्या-बाहेरच्या भेदाशी छान जुळतो. तो भरपूर वापरा.

आता '-सान'

माझा नियम असा: आदर क्रियापदात आला असेल तर '-सान' काढा. 'होंडा, तुम्ही जरा बघता का?' यात आदर पुरेसा आहे. '-सान' तिथेच ठेवा जिथे तो बदलतो आणि त्या बदलावर दृश्य उभं आहे: आज '-सान' म्हणणारी व्यक्ती उद्या '-कुन' (बरोबरीच्याला किंवा धाकट्याला लावतात तो प्रत्यय) म्हणाली किंवा काहीच लावलं नाही, तर तो बदल दिसायला हवा. 'होंडाराव' वगैरे करू नका. ऐकायला गंमत वाटते, पण दुकान टोकियोतून उचलून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आणल्यासारखं होतं, आणि मग पुढच्या प्रत्येक जपानी तपशिलाशी भांडावं लागतं. मालिकेच्या नावात '-सान' राहू दे. नाव ते नाव.

ठरीव वाक्यं: शब्दाचं नव्हे, प्रसंगाचं भाषांतर

कचेरीच्या ॲनिमेत तीच दहा-बारा वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. त्यांची यादी आधीच करून ठेवली की वेळही वाचतो आणि ओळीही आपोआप लहान होतात.

'ओत्सुकारेसामा देसु' हे सगळ्यात अवघड, कारण मराठीत त्याला एक शब्द नाही. इंग्रजीतून 'चांगलं काम केलंत' असं येतं आणि ते नेहमी चुकतं, कारण कुणीच कुणाला शाबासकी देत नसतं. संध्याकाळी निघताना असेल तर 'निघालात?' किंवा 'चला, भेटू उद्या'. जिन्यात भेट झाली तर नुसतं 'काय, कसं काय'. बैठक संपल्यावर 'चला, झालं'. आधी निघणाऱ्याचं 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु' म्हणजे आपलं 'येते हं मी'. मराठीत जाताना 'जाते' म्हणत नाहीत, तेव्हा हे अगदी चपखल बसतं.

'योरोशिकु ओनेगाइशिमासु' पहिल्या दिवशी असेल तर 'सांभाळून घ्या', काम सोपवताना असेल तर 'तेवढं बघा'. 'गानबारिमासु'चं 'मी प्रयत्न करेन' करू नका, कारण मराठीत 'प्रयत्न करेन' म्हणजे बहुतेक वेळा 'होणार नाही'. 'लागते कामाला' किंवा 'करते की' म्हणा. फोनवरचं 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु' हे नुसतं दार उघडणं आहे; 'नमस्कार' पुरे.

माफीच्या तीन पायऱ्या मात्र नीट राखा. 'मोशिवाके गोझाइमासेन' म्हणजे 'क्षमा असावी', 'सुमिमासेन' म्हणजे 'माफ करा', 'गोमेन' म्हणजे 'सॉरी हं'. 'होंडा-सान'मध्ये दुकानातली माणसं गिऱ्हाइकापुढे पहिल्या पायरीवर असतात, आपसात त्याखाली उतरतात. तिन्ही ठिकाणी 'माफ करा' लिहिलंत की अर्धा विनोद तिथेच संपतो.

दुकानात शिरणाऱ्याला 'इराश्शाइमासे' म्हणतात, त्याला उत्तराची अपेक्षा नसते. 'या, काय दाखवू?' केलंत तर साडीचं दुकान होतं. 'या!' एवढंच पुरतं, आणि अर्ध्या सेकंदात वाचूनही होतं.

रेत्सुकोसारख्या मुलींच्या बाबतीत जपानी कचेरीत एक हिणवणारा शब्द आहे, 'कोशिकाके'. शब्दशः टेकण्याची जागा, म्हणजे लग्न होईपर्यंत नुसती बसायला आलेली. त्याला मराठीत 'चार दिवसांची पाहुणी' म्हणा. टोचतंही तेवढंच आणि वेगळी टीपही द्यावी लागत नाही.

वेग कसा मोजायचा

सबटायटलच्या सॉफ्टवेअरमधला अक्षरांचा आकडा देवनागरीसाठी फसवा असतो. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. 'स्त्री' वाचायला एक अक्षर, मोजणीत सहा चिन्हं. 'विद्यार्थी' वाचायला तीन, मोजणीत दहा. मग जोडाक्षरांची ओळ सॉफ्टवेअरमध्ये लाल, म्हणजे फार लांब, दिसते म्हणून तुम्ही चांगलं वाक्य मोडता, आणि 'कमल नमन कर' छापाची ओळ हिरवी दिसते म्हणून लांबवता.

त्याऐवजी बोटावर अक्षरं मोजा. सेकंदाला सहा ते सात अक्षरं हे माझं माप आहे. तीन सेकंदांच्या ओळीत अठरा ते एकवीस. नमुन्याचं वाक्य घेऊ (वाक्य माझं आहे, मालिकेतलं नाही). गिऱ्हाइकाने पुस्तक विचारलं, विक्रेता तीन सेकंदांत अदबीने भलंमोठं वाक्य म्हणतो. इंग्रजीवरून सरळ केलं तर: 'अत्यंत क्षमस्व, आत्ता मी साठा तपासून येतो, तेव्हा कृपया थोडा वेळ थांबू शकाल का?' ही झाली बत्तीस अक्षरं. त्याऐवजी: 'माफ करा, आत्ता बघून सांगतो. जरा थांबता?' ही सतरा. 'साठा तपासणे' गेलं, कारण तो कपाटाकडे धावताना दिसतोच आहे. 'शकाल का' गेलं, कारण 'थांबता?' मध्ये ती विनंती आली. आदर कुठेही कमी झाला नाही. चित्र जे सांगतंय ते ओळीतून काढा. चित्राला जे सांगता येत नाही, म्हणजे नातं, तेवढं ठेवा.

बाकीची मापं साधी आहेत. एका वेळी दोनच ओळी. ओळ एक सेकंदापेक्षा कमी आणि सात सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. दोन सबटायटलमध्ये दोन फ्रेमची, म्हणजे व्हिडिओतल्या दोन चित्रांची, मोकळी जागा ठेवा, नाहीतर डोळ्याला मजकूर बदलल्याचं कळत नाही. दृश्य बदललं तिथेच सबटायटल संपवा. ओळ तोडताना विभक्ती नामापासून आणि 'नाही' क्रियापदापासून तोडू नका.

शेवटचा शब्द आधी दिसू देऊ नका

जपानी आणि मराठी, दोन्हींत क्रियापद शेवटी येतं. नकारही शेवटी येतो. विनोदी वाक्यात पात्र दोन सेकंद एका दिशेने जातं आणि शेवटच्या शब्दावर उलटतं. 'मला राग आलेला', मध्ये डोळ्याची पापणी फडफडते, मग 'नाही'. इंग्रजीत नकार आधी येतो, म्हणून इंग्रजी सबटायटलमध्ये विनोद पात्राच्या आधीच फुटतो, आणि तुम्ही इंग्रजीचा क्रम धरला तर तोच दोष मराठीत येतो, जिथे तो येण्याचं काहीच कारण नव्हतं. मूळ क्रम धरा. विराम असेल तिथे एका वाक्याची दोन सबटायटल करा आणि दुसरं बरोबर आवाज फुटताना आणा. सहा-सात फ्रेम आधी आलं तरी हसू आधी येऊन जातं.

मनातलं आणि तोंडावरचं

'होंडा-सान'मध्ये एकाच श्वासात बाहेरचा 'आपण' आणि आतला 'मेलो!' येतात. हे दोन आवाज डोळ्यालाही वेगळे दिसले पाहिजेत. रोमन लिपीत तिरपा टाइप वापरतात. देवनागरीत खरा तिरपा टाइप बहुतेक फाँटमध्ये नसतो, सॉफ्टवेअर अक्षर नुसतं कलवतं आणि मात्रा शेजारच्या अक्षरावर पडतात. मनातल्या बोलण्याला साधे गोल कंस करा, किंवा एएसएस फाइल (रंग आणि टाइपही साठवणारी सबटायटलची फाइल) असेल तर फिकट पिवळा रंग. रंग निवडलात तर तो बाराही भागांत तोच ठेवा.

भाषेतही फरक करा. बाहेर पूर्ण वाक्यं, आत तुटकी. बाहेर 'शोधून देतो', आत 'कुठे गेलं? कुठे?' आतल्या आवाजाला प्रमाण भाषेची शिस्त लावू नका.

लिंगाची अडचण

ही अडचण इंग्रजीवाल्यांना येत नाही, आपल्याला येते. जपानीत 'मी आलो' आणि 'मी आले' एकच. मराठीत निवडावं लागतं, आणि इथे अर्ध्या पात्रांचे चेहरे झाकलेले. आवाजावरून स्पष्ट कळत असेल तर तसं लिहा. पण एखाद्या पात्राबद्दल दृश्य मुद्दाम लपवत असेल, तर मराठीत बोलणाऱ्याचं लिंग झाकायच्या वाटा आहेत. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: 'मी फाइल ठेवली', 'मी पुस्तक दिलं'. भविष्यकाळ: 'मी बघेन', 'मी आणेन'. 'मला'ची रचना: 'मला जायचंय', 'मला वाटतं', 'मला उशीर झाला'. टाळायचे ते 'करतो-करते' आणि 'गेलो-गेले'. एका प्रसंगापुरतं हे सहज जमतं. पूर्ण भागभर केलंत तर भाषा आखडते, म्हणून गरज असेल तेवढंच.

परदेशी गिऱ्हाईक

होंडाच्या दुकानात परदेशी वाचक येतात आणि त्याची तारांबळ उडते. तारांबळीचं कारण म्हणजे त्याला समोरच्याचं बोलणं नीट कळत नाही. गिऱ्हाइकाच्या इंग्रजी वाक्याखाली तुम्ही लगेच स्वच्छ मराठी दिलंत, तर प्रेक्षकाला सगळं कळतं आणि होंडा उगाच का घाबरला ते कळत नाही. मराठी प्रेक्षकाला तेवढं इंग्रजी समजतं. ते वाक्य रिकामं सोडा, किंवा होंडाला उलगडा होतो त्या क्षणी मराठी द्या. मोडकं जपानी बोलणारा असेल तर शुद्धलेखन बिघडवू नका, लिंगवचन बिघडवा: 'मला पाहिजे हा पुस्तक'. कुठल्याही एका प्रांताच्या किंवा समाजाच्या उच्चाराची नक्कल करू नका. तो विनोद मूळ मालिकेत नाही, आणि तुमच्या घरातल्या पहिल्या प्रेक्षकांत त्या प्रांतातलं कुणी बसलेलं असू शकतं.

बोलीभाषेचंही हेच. पात्र जपानीत बोलीत बोलत असेल आणि तुमच्यापैकी कुणाची घरची भाषा वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी असेल, तरच तिचा विचार करा. बाहेरून शिकलेली बोली दोन ओळींत उघडी पडते.

पुस्तकाच्या दुकानातले शब्द

'ओबि' म्हणजे पुस्तकावरची कागदी पट्टी. 'पट्टी' पुरे, कारण ती दिसते. 'तोरित्सुगि' म्हणजे प्रकाशक आणि दुकान यांच्या मधला वितरक. 'हेनपिन' म्हणजे न खपलेली पुस्तकं परत पाठवणं, 'परती' म्हटलं की दुकानदारीतल्या माणसाला लगेच कळतं. क्रमांकाला 'खंड' नको, 'भाग' म्हणा: 'सातवा भाग संपलाय'. जपानी दुकानात विचारतात की पुस्तकाला कागदी कव्हर घालू का. आपल्याकडे जूनमध्ये घरोघर हेच चालतं, म्हणून 'कव्हर घालू?' एवढ्यावर भागतं.

एका गोष्टीला मात्र टीप लागते. जपानमध्ये नवी पुस्तकं साधारणपणे प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीलाच विकली जातात, दुकानदार हवी तशी सूट देत नाही. प्रदर्शनात सवलतीने पुस्तकं घ्यायची सवय असलेल्या वाचकाला हे माहीत नसतं. पण टीप दृश्यात घालू नका. भाग सुरू होण्याआधी पाच-सहा सेकंदांचा एक काळा पडदा आणि त्यावर दोन वाक्यं.

नावांतल्या कोट्यांसाठीही टीप नकोच. 'ॲग्रेत्सुको'मध्ये कोमोडो ड्रॅगन असलेल्या जुन्या कर्मचारी बाईचं नाव त्सुबोने. 'ओत्सुबोने' म्हणजे कचेरीत वर्षानुवर्षं बसलेली, नव्या मुलींना छळणारी बाई. नाव तसंच ठेवा आणि पहिल्यांदा कुणी तिचा उल्लेख करेल तेव्हा ओळीत 'खाष्ट' हा एक शब्द सरकवा. वाशिमी ही सेक्रेटरी बर्ड पक्षी, आणि अध्यक्षांची सेक्रेटरी. जपानीत त्या पक्ष्याचं रोजचं नाव साप खाणारा गरुड अशा अर्थाचं आहे, सेक्रेटरी हा शब्द पक्ष्याच्या इंग्रजी नावात आहे. म्हणून मराठीत तिच्या कामाला 'सचिव' न म्हणता 'सेक्रेटरी' म्हणा. ज्याला पक्षी ओळखू येईल त्याला कोटी मिळेल, बाकीच्यांचं काही बिघडत नाही.

पडद्यावरचे लिखित शब्द आणि संवाद एकदम आले तर संवादाला प्राधान्य. पाटी वाचल्याशिवाय विनोद कळत नसेल तरच ती वरच्या बाजूला द्या, तीन-चार शब्दांत.

फाइल मोडते ती इथे

फाइल नेहमी यूटीएफ-8 मध्ये जतन करा, नाहीतर उघडताना प्रश्नचिन्हं दिसतात. संगणकावर नीट दिसणारी देवनागरी काही टीव्हींच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये मोडते: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर दिसते आणि जोडाक्षर पाय मोडून सुटं दिसतं. ती चूक तुमच्या लिखाणात नसते, त्या प्लेअरला अक्षरं जोडता येत नाहीत. ज्या उपकरणावर दाखवणार त्यावर आधी एक मिनिटाची चाचणी घ्या, आणि मोडत असेल तर सबटायटल चित्रातच पक्के करून द्या. फाँट 'नोटो सान्स देवनागरी' किंवा 'मुक्त' नावाचा, मध्यम जाडीचा. काळी किनार फार जाड ठेवली की रुकार आणि रफार बुजतात. दोन ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा थोडं जास्त हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला लागतो.

'दुसऱ्या', 'साऱ्या' यांतला चंद्रकोरीसारखा र 'ऱ' हे अक्षर, हलन्त आणि 'य' असा टाइप करा. साधा 'र' वापरलात की रफार होतो आणि 'आचाऱ्याला' विचारलेलं 'आचार्याला' विचारलं जातं. स्वयंपाकघरातला प्रश्न गुरुजींकडे गेला, तर सापळ्याच्या दुकानातही तो विनोद बसणार नाही.

किती वेळ लागेल

11 मिनिटांत सरासरी तीन सेकंदांची ओळ धरली तर दोनशेच्या आसपास सबटायटल होतात. पहिल्या भागाला कोष्टक आणि ठरीव वाक्यांची यादी धरून तिघांना मिळून बारा ते पंधरा तास धरा. तिसऱ्या-चौथ्या भागापासून हे निम्म्यावर येतं, कारण निर्णय झालेले असतात. कामाची वाटणी भागांनुसार करू नका, टप्प्यांनुसार करा: एकाने वेळ लावायची, एकाने भाषांतर, एकाने काटछाट. काटछाट करणाऱ्याने भाग आधी पाहिलेला नसेल तर उत्तम. त्याला जे वाचून होत नाही ते कुणालाच होणार नाही.

तपासणी मोठ्याने वाचून करा, पात्राच्या आवाजाबरोबर. पात्राचं तोंड मिटलं आणि तुमचं वाक्य चालूच आहे, तिथे खूण करा. त्यानंतर ॲनिमे कधीही न पाहिलेल्या, पण कचेरीत किंवा दुकानात काम केलेल्या एका माणसाला बसवा आणि पडद्याऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे बघा. तो कुठे हसला ती वेळ लिहून घ्या. पात्राच्या आधी हसला तर ओळ लवकर आली. दोन सेकंद उशिरा हसला तर ओळ लांब आहे. हसलाच नाही तर पहिल्यांदा कोष्टक उघडा आणि त्या ओळीतला तू, तुम्ही की आपण, ते तपासा.

तुमचे पहिले दोन भाग टाकून देऊ नका. वेळा लावलेल्या आहेतच. मजकूर रिकामा करा, वेळा तशाच ठेवा आणि दुसऱ्या भागातल्या गिऱ्हाइकाच्या एखाद्या सलग दोन मिनिटांच्या दृश्यापासून सुरू करा. चाळीसेक ओळी होतील. त्या जमल्या की पहिल्या भागाकडे वळा.